खोपा कोणाचा?

मराठीने या पाखराला ‘सुगरण’ म्हटले आणि घरटे मादीच विणते, असा निकाल परस्पर लावून टाकला. बहिणाबाईंची खोप्यावरची कविता शाळेत पाठ केलेल्यांना त्याबद्दल कधी शंकाच आली नाही.

१९३० साली सालीम अली अलिबागजवळच्या किहीमला मुक्कामी होते. मुंबईतल्या संग्रहालयाची नोकरी सुटलेली, हाताशी वेळ. समुद्रकाठच्या त्या गावात त्यांनी सुगरणींची वसाहत रोज न्याहाळली आणि १९३१ मध्ये निबंध छापला. विणकर नर असतो. घरटे अर्धे झाले की माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडले तरच नर खालची लांब नळी पुरी करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो (तिसऱ्यालाही!). नापसंत घरटी अर्धीच लटकत राहतात. ती नराने स्वतःसाठी बांधलेली असावीत, असा पूर्वी समज होता.

बहिणाबाईंना चुकीत पकडण्यात मला रस नाही. ती आईपणाची कविता आहे, आणि अंडी उबवायला मादीच बसते. तक्रार आहे ती रसग्रहणांशी. ‘सूक्ष्म निरीक्षण’ हे शब्द ती हमखास वापरतात, पण झाडाखाली जाऊन कोणी वर पाहत नाही. त्यामुळे मादीच्या पदरी नसलेले कसब पडले, आणि पारखण्याचा, नाकारण्याचा तिचा खरा अधिकार गेला. मी चाळलेल्या रसग्रहणांत त्या अर्ध्या घरट्यांचा उल्लेख एकदाही सापडला नाही.