हात स्वच्छ, पण कुणाचे?

मागच्या वेळी आपण चोरपावलांच्या खेळांचा इतिहास पाहिला. १९९८ च्या ‘थीफ’पाशी आपण थांबलो होतो. आज एकच खेळ घेऊ, अर्काने स्टुडिओजचा २०१२ सालचा ‘डिसऑनर्ड’. आणि खरं सांगायचं तर, त्यातली एकच पातळी. लेडी बॉयलची मेजवानी.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डनवॉल नावाचं शहर आहे. तिथे उंदरांमुळे पसरलेली साथ आहे. सम्राज्ञीचा खून होतो आणि तिचा अंगरक्षक कॉर्वो याच्यावर आळ येतो. तो तुरुंगातून पळतो आणि कटातल्या एकेकाला गाठतो. प्रत्येकाला मारता येतं, किंवा न मारता दूर करता येतं.

आता मेजवानी. तीन बहिणी, एकसारखा वेश, फक्त रंग वेगळे: पांढरा, काळा, लाल. आपल्याला हवी आहे त्यातली एकच, आणि ती कोण हे खेळ दर वेळी बदलतो. म्हणजे मित्राने सांगितलेलं उत्तर इथे चालत नाही. भिंतीवरून जा, उंदराच्या अंगात शिरून जा, नाहीतर बाहेर पडलेलं निमंत्रण उचलून सरळ दारातून आत जा. गंमत म्हणजे ज्या मुखवट्यासाठी शहरभर आपला शोध चालू आहे, तोच घालून आपण आत फिरतो, आणि पाहुण्यांना वाटतं, काय धाडसी वेश आहे! पाहुण्यांच्या वहीत स्वतःचं नावसुद्धा लिहिता येतं.

इथली रचना मला फार मोलाची वाटते. निवड म्हणजे ‘अ’ की ‘ब’ असं बटण नाही. कुणाशी बोलायचं, कुठे कान द्यायचा, पाहुण्यांना बंदी असलेल्या वरच्या मजल्यावर जायचं का, हे सगळं घराच्या नकाशातच पेरलेलं आहे. तुम्हाला जेवढं कळतं, तेवढे तुम्ही मोकळे.

पण मग येतात लॉर्ड ब्रिस्बी. ते म्हणतात, माझं तिच्यावर प्रेम आहे, तिला बेशुद्ध करून तळघरात आणा, मी तिला कायमचा घेऊन जातो. आपण आणतो. होडी निघून जाते. आणि खेळाच्या हिशेबात ही झाली दया! कुणालाही न मारता खेळ संपवलात तर ‘क्लीन हँड्स’ नावाची शाबासकी मिळते.

थांबा. एका बाईला तिच्या इच्छेविरुद्ध एका माणसाच्या ताब्यात दिलं, आणि हात स्वच्छ?

काही जण म्हणतील, लेखकांना हेच तर दाखवायचंय, मरणाहून वाईट शिक्षा. पेंडलटन बंधूंच्या बाबतीत ते पटतं. ते ज्या खाणींचे मालक, त्याच खाणींत गुलाम म्हणून जातात. तिथे शिक्षेचं गुन्ह्याशी नातं आहे. ब्रिस्बीच्या तळघराचं कशाशी नातं आहे? सोय, एवढंच.

मला वाटतं, दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. हा खेळ प्रेतं मोजतो. जास्त मारलेत तर उंदीर वाढतात, पहारे वाढतात, शेवट काळवंडतो. शहर तुमच्या कृतीला उत्तर देतं, ही कल्पना उत्तमच. पण क्रौर्य मोजायला त्याच्याकडे मापच नाही. म्हणजे नकाशा उदार आणि न्यायाधीश कंजूष. नकाशा विचारतो, ‘कसं जाल?’ न्यायाधीश विचारतो, ‘किती मेले?’ दोघांच्या मध्ये जो प्रश्न आहे, ‘तुम्ही केलंत काय?’, तो कुणीच विचारत नाही.

२०१६ च्या दुसऱ्या भागात मारलेला माणूस कसा होता याचाही विचार हिशेबात येतो. सुधारणा आहे. पण तरीही प्रश्न मेलेल्यांचाच राहिला. जिवंत सोडलेल्यांचं काय?

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या खेळाने ‘निवड तुमची’ म्हटलं, तर रस्ते किती आहेत एवढंच मोजू नका. त्या रस्त्यांचा हिशेब कोण ठेवतंय आणि त्याच्या वहीत कोणते रकानेच नाहीत, तेही बघा. आता प्रश्न घेऊ या.