‘सतीदानशूर’ : दरबारी रंगभूमीचा आत्मोपहास

चित्रपटसृष्टीची थट्टा चित्रपटानेच करावी, ही रीत अर्वाचीन वाटते. परंतु रंगभूमीला असा आत्मोपहास नवा नाही. तंजावरचे शहाजीराजे भोसले (कारकीर्द १६८४–१७१२) यांचे ‘सतीदानशूर’ हे तेलुगू यक्षगान याची साक्ष देते. मन्नारगुडीच्या उत्सवात मोरोभट्ट हा ब्राह्मण समाजाने अस्पृश्य मानलेल्या एका स्त्रीवर लुब्ध होतो. शिष्याच्या उपदेशाला न जुमानता तो तिच्या पतीकडे तिचेच दान मागतो. दानशूरता हा राजस्तुतीचा व पौराणिक नाटकांचा लाडका विषय. येथे तोच हास्यास्पद ठरतो. मोरोभट्ट हे नाव मराठी वळणाचे, म्हणजे उपहास स्वकीयांनाही वगळत नाही. शीर्षक मात्र दात्याचा गौरव करते. जिचे दान होते तिच्या इच्छेचे काय, हा प्रश्न हसू ओसरल्यावरही उरतो.