माती, पाणी आणि पाहणारे डोळे

कलावंताला प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा आकाशाकडे बोट दाखवून देतो. रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर उभे राहिले की मात्र ते उत्तर पायांखालीच असावे असे वाटू लागते. कोकणच्या या भूमीने चित्रकारांना आणि कुंभारांना केवळ विषय दिले नाहीत. कामाची शिस्तही दिली.

प्रल्हाद अनंत धोंड (१९०८-२००१) यांची सागरचित्रे पाहावीत. जे. जे. कलाशाळेचे अधिष्ठातापद भूषविलेल्या या चित्रकाराने पारदर्शक जलरंगांना आपलेसे केले. या माध्यमात कागदाचा कोरा भाग हाच प्रकाश असतो आणि एकदा फिरलेला ओला कुंचला सहसा मागे घेता येत नाही. लाटेसमोर बसलेल्या चित्रकाराला लाटेइतकेच तत्पर व्हावे लागते. म्हणून धोंडांच्या चित्रांत समुद्राच्या वर्णनापेक्षा त्याची हालचाल अधिक जाणवते. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी 'रापण' हे नाव दिले, तेही अर्थपूर्ण आहे. रापणीचे जाळे एकट्याने ओढता येत नाही. अनेक हात ते ओढतात आणि मासळी वाटून घेतात.

कुंभाराची शिस्त याच जातीची. तळ्याकाठची वा शेतातली चिकणमाती आणायची, खडे वेचायचे, ती भिजवून तुडवायची, चाकावर आकार द्यायचा, थापटण्याने भांड्याची भिंत पातळ करायची, सावलीत सुकवायचे आणि मग आव्यात भाजायचे. घाई केली तर मडके तडकते. पावसाळ्यात तर आवा पेटवणेच कठीण. ज्या हातांना ऋतूची आज्ञा पाळावी लागते, त्यांच्या घड्याच्या गोलाईत एक विनय उतरतो. यिर्मया संदेष्ट्याला देवाने कुंभाराच्या घरी पाठविले ते उगाच नव्हे. बिघडलेल्या मातीचेच पुन्हा भांडे होताना त्याने तेथे पाहिले.

पण प्रेरणा आणि परिश्रम असूनही कला पोरकी होऊ शकते. याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडले. गोव्यात परतून त्यांनी साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची पवित्र मरिया रंगविली. युरोपीय चेहऱ्यांना सरावलेल्या अनेक भाविकांना ती रुचली नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आले आणि १९६७ मध्ये पुण्यातच निवर्तले. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आज त्यांचा मोठा चित्रसंग्रह आहे.

त्यांच्या चित्रांत सारेच निर्दोष आहे असे नाही. बंगाली धुवट रंगपद्धतीचा धूसरपणा कोकणच्या कडक उन्हाला कधी कधी परका वाटतो. धोंडांच्या कागदावरचा प्रकाश आपल्या ओळखीचा असतो. फोन्सेकांचा प्रकाश ध्यानमंदिरातला आहे. परंतु मरिया आपल्या आईसारखी दिसू शकते, हे सांगण्याचे त्यांचे धैर्य या उणिवेहून फार मोठे आहे. त्यांच्यावर रागावलेल्या लोकांनी चित्रातील मरिया नाकारली, तेव्हा नकळत आपल्याच घरातील स्त्रियांचा चेहरा नाकारला.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळा काढीत नाही. आमच्या घरी नाताळच्या गोठ्यातील मूर्ती वर्षानुवर्षे शहरातून आणलेल्या प्लास्टरच्याच होत्या. गुलाबी गालांचे मेंढपाळ, निळ्या डोळ्यांचा बाळ येशू. कुंभारवाड्यावरून आम्ही रोज जात असू, मडके घेत असू. पण त्याच हातांना मेंढपाळ घडवायला सांगावे, हे कोणालाही सुचले नाही. आज प्लास्टिकच्या भांड्यांमुळे चाके थांबत चालली असताना ती चूक अधिकच बोचते.

भूमी प्रेरणा देते. ती टिकविण्याचे काम पाहणाऱ्यांचे असते. कलेची रापणही अनेक हातांनी ओढावी लागते. येत्या नाताळात एखाद्या धर्मग्रामाने आपला गोठा जवळच्या कुंभाराकडून करवून घेतला, तर त्याला वर्षाअखेरीस चार पैसे मिळतील, आणि आपल्या मुलांना बेथलेहेमचे मेंढपाळ आपल्या गावच्या चेहऱ्यांचे दिसतील.