जात्यावरील ओव्या आणि जातीचा रकाना

लोकपरंपरेचे जतन संगणकाच्या साहाय्याने करण्याचे कार्य आज अनेक सांस्कृतिक संस्था करीत आहेत. ध्वनिमुद्रण, वर्गवारी, भाषांतर आणि सूची ही या कार्याची अंगे होत. हे काम केवळ यंत्रज्ञाचे, असा समज रूढ आहे. परंतु कोणती माहिती कोणत्या रकान्यात घालावयाची, याचा निर्णय यंत्र घेत नाही, माणूस घेतो. म्हणूनच तो समीक्षेचा विषय ठरतो.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून उभारलेला जात्यावरील ओव्यांचा संग्रह या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यांना ध्वनिमुद्रणाची व संगणकीय नोंदीची जोड मिळाली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ ही संस्था या ओव्या ध्वनी, संहिता व भाषांतरासह प्रसिद्ध करीत आली आहे. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीचा आवाज त्यात आहे, तसाच बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरचाही. भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरील ओव्या मुद्रित झाल्या.

या संग्रहाचे श्रेय मोठे आहे. छापील ओवीत पालुपदे गळतात. दुसरीने पहिलीच्या ओळीला दिलेली साथ कागदावर उतरत नाही. ध्वनिमुद्रणात ती ऐकू येते. बाबासाहेबांविषयीच्या ओव्या ऐकताना जाणवते, की ज्या नात्यांच्या भाषेत बाई भाऊ आणि माहेर गाते, त्याच भाषेत ती आपल्या मुक्तिदात्याला घरचा माणूस करून घेते. पुढाऱ्याचे स्तोत्र गाण्याहून ही गोष्ट निराळी आहे.

उणीव मात्र गायिकेच्या परिचयात आहे. नाव, गाव, तालुका यांबरोबर तेथे ‘जात’ असा रकाना आहे आणि बौद्ध गायिकेपुढे त्यात ‘नवबौद्ध’ असे लिहिलेले आढळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे टाकून दिले, त्याच खणात धम्माचे नाव जाऊन बसते. वरच्या ओव्यांत जी जातीबाहेर पडल्याचा आनंद गाते, तिला खालची नोंद पुन्हा जातीत बसविते.

संग्राहकांचा हेतू दूषित होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जात नोंदलीच नसती, तर या परंपरेत दलित स्त्रियांचा वाटा किती, हे झाकून राहिले असते. शिवाय ‘नवबौद्ध’ हा शब्द शासकीय व्यवहारातून आला आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. सवलतीसाठी दाखल्यावर अशी ओळख लागते. पण दाखल्याची गरज आणि गीतसंग्रहाची गरज एक नव्हे.

येथे थेरीगाथेचे स्मरण होते. ७३ थेरींची उद्गारकाव्ये तेथे गाथांच्या संख्येनुसार निपातांत लावली आहेत, कुळानुसार नव्हे. कुळाची माहिती मुख्यतः धम्मपालांच्या अट्ठकथेत येते. पाणी वाहणारी पुण्णा दासी होती, हे कळते ते तिच्याच गाथेतून. जन्माची ओळख सांगावयाची की नाही, हे तेथे गाणारीच्या मुखी राहिले आहे. अडीच हजार वर्षांच्या आपल्या परंपरेने घालून दिलेला हा संपादनाचा धडा आहे.

संगणकीय नोंद छापील पुस्तकासारखी गोठलेली नसते. ती दुरुस्त होऊ शकते. ‘जात’ या शब्दाऐवजी ‘सामाजिक पार्श्वभूमी’ लिहावे, धम्मासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि जेथे शक्य असेल तेथे गायिकेला अथवा तिच्या मुलाबाळांना विचारूनच तो भरावा. जुनी नोंद अभ्यासकांसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही.

बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या संस्थांतून ग्रामीण तरुण संगणकाचे शिक्षण घेत आहेत. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत पिठाच्या गिरणीने जाते कधीच थांबविले. ओव्या पाठ असलेल्या आज्याही आता थोड्या उरल्या आहेत. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी त्यांच्यापुढे बसावे, आवाज मुद्रित करावा आणि रकाना भरण्यापूर्वी विचारावे, “आजी, तुमची ओळख काय लिहू?” त्या जे सांगतील, तीच नोंद प्रमाण मानावी.