संसाधन हक्क आणि आदिवासींची प्रतिमा : अमिता बाविस्कर यांच्या संशोधनाचे एक मूल्यमापन

नर्मदा खोऱ्यातील विस्थापनविरोधी चळवळीवर विपुल लेखन झाले आहे. त्यात अमिता बाविस्कर यांच्या ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ (१९९५) या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. अलिराजपूर परिसरातील अंजनवारा या भिलाला आदिवासी गावात प्रत्यक्ष वास्तव्य करून केलेल्या क्षेत्रकार्यावर तो आधारलेला आहे.

आदिवासी हा निसर्गाचा उपजत रक्षक आहे, ही प्रतिमा आंदोलनाच्या समर्थकांनी शहरी समाजापुढे ठेवली. बाविस्कर या प्रतिमेची चिकित्सा करतात. भिलाला निसर्गाला पूज्य मानतात. तथापि उपजीविकेसाठी ते जंगल तोडून ‘नेवाड’ शेतीही करतात. या जमिनीवरील हक्कासाठी ‘खेडुत मजदूर चेतना संगठ’ने वनखात्याशी दीर्घ संघर्ष केला. म्हणजेच धरणाविरुद्धचा लढा हा जमिनीच्या जुन्या लढ्याचाच पुढील टप्पा होता. लेखिका यासाठी आदिवासींना दोष देत नाहीत. जंगलावरील शासकीय ताबा आणि त्यातून आलेली विवशता यांत त्या कारण शोधतात.

या मांडणीचे महत्त्व धुळे जिल्ह्याच्या संदर्भात अधिक जाणवते. पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात कोकणा व भिल्ल समाजाची वस्ती आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. या हक्काचा आधार ताबा व उपजीविका हा आहे. निसर्गप्रेमाचे प्रमाणपत्र नव्हे. आदिवासींचे आदर्शीकरण करणारा अभ्यासक नकळत त्याच आदर्शाची अट त्यांच्यावर लादतो. मग नांगर धरणारा आदिवासी ‘अतिक्रमक’ ठरतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे नामंजूर झालेल्यांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला व त्याच महिन्यात त्यास स्थगितीही दिली. या घटनेने सदर प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट केले.

मात्र या विवेचनाची एक मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. उपजीविका आणि जंगल यांतील विरोधावर ग्रंथाचा भर आहे. हा विरोध गाव स्वतः कसा सोडवू शकते, याचा विचार त्यात तुलनेने कमी आढळतो. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी स्वतः नियम करून जंगल पुन्हा उभे केले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे संवर्धन उपजत वृत्तीतून नव्हे, तर सामूहिक निर्णय व शिस्तीतून घडले. त्या अर्थाने बारीपाडा बाविस्करांच्या प्रतिपादनाचे खंडन करीत नाही, त्यास पूरक ठरते.

सारांश, आदिवासींचा संसाधनांवरील हक्क त्यांच्या प्रतिमेवर नव्हे, तर त्यांच्या इतिहासावर व श्रमावर उभा आहे. हे भान देणारा ग्रंथ म्हणून प्रस्तुत संशोधन खानदेशातील अभ्यासकांना आजही मार्गदर्शक ठरते.