मुदतीविना बंदिवास आणि अर्जाचे गद्य

मराठीतील तुरुंगवाङ्मयाचा आकृतिबंध किती अंशी न्यायालयाने पुरवलेला आहे, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. ‘माझी जन्मठेप’मधील निवेदनामागे आरोप, खटला, शिक्षा असा क्रम उभा आहे. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल होते : १९६०. ते क्रूर होते, पण साल होते. त्याच्याशी झुंज घेता येत होती. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही मोजलेल्या दिवसांत. आणीबाणीतील स्थानबद्धांपाशी मात्र ना आरोप होता, ना मुदत. तरी देश त्यांचा होता. राजवट पालटली की दार उघडणार होते.

तामिळनाडूतील ‘विशेष छावणी’च्या रहिवाशाला हा आधारही नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळांसाठी तेथे साध्या छावण्या उघडल्या. संशयितांसाठी मात्र वेल्लोरच्या किल्ल्यात, चेंगलपट्टूला, चेन्नईलगतच्या पूनामल्लीला, तिरुचिरापल्लीला वेगळी कुंपणे उभी राहिली. आधार १९४६च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याचा. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अमुक जागीच राहावे, एवढाच प्रशासनाचा हुकूम. शासनाच्या लेखी हा तुरुंग नव्हेच. खटला नाही, म्हणून निकाल नाही. शिक्षा नाही, म्हणून तिचा शेवटही नाही. जीविताचे व स्वातंत्र्याचे घटनादत्त संरक्षण परकीयालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये स्पष्ट केले. ते मिळवायचे तर पुन्हा अर्जच करावा लागतो.

अर्ज हेच या माणसाचे गद्य. शोभाशक्ती यांच्या ‘गोरिल्ला’ (२००१) या तमिळ कादंबरीचे मोल येथे ध्यानात येते. तिचा प्रारंभच फ्रान्समध्ये आश्रय मागणाऱ्या अर्जाच्या रूपात होतो, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांनी. अर्जदाराला आपले आयुष्य अधिकाऱ्याला पटेल अशा बेताने मांडावे लागते. ज्या आठवणीला तारीख नाही, पुरावा नाही, तिला अर्जात थारा नाही. कादंबरी नेमकी त्या आठवणींना जागा देते, आणि तेही अर्जाचाच साचा वापरून. (आपल्याकडे ‘अर्जी भाषा’ हा हेटाळणीचा शब्द आहे. तो थोडा जपून वापरावा.) मात्र ‘गोरिल्ला’चा गाभा युद्ध हा आहे, कुंपणातला संथ, रोज तोच असणारा काळ तिच्या कक्षेत येत नाही. त्या काळाला आरंभ-मध्य-अंत नसल्यामुळे तो कथनाच्या हाती लागणेही कठीणच.

शांतन यांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. राजीव गांधी हत्येच्या खटल्यात फाशी, २०१४ मध्ये तिची जन्मठेप, आणि ११ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून सुटका. येथवर आत्मचरित्राला पुरेल असा कालपट आहे. गुन्हा किती घोर होता, हा प्रश्न न्यायालयापुरता संपलेला होता. पण शांतन श्रीलंकेचे नागरिक. त्यामुळे तुरुंगातून सुटले ते तिरुचिरापल्लीच्या विशेष छावणीत गेले. मायदेशी परतण्याची वाट पाहत असताना २८ फेब्रुवारी २०२४ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. शिक्षेच्या तीन दशकांना निदान नाव होते. नंतरच्या पंधरा महिन्यांना ना शिक्षा म्हणता येते, ना सुटका. त्यांच्याबरोबर छावणीत ठेवलेले तिघे एप्रिल २०२४ मध्ये श्रीलंकेला परतले.