शापाची कथा आणि कानाची साक्ष

अपघातावर जें लिहिलें जातें तेंही एक प्रकारचें वाङ्मयच होय. तेव्हां त्याची परीक्षा करण्याचा अधिकार टीकाकारास आहे असें आम्ही समजतों. १६ जुलै १९९९ च्या रात्रीं धाकटे जॉन केनेडी स्वतः चालवीत असलेलें लहान विमान अमेरिकेंतील मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रांत कोसळलें. ते, त्यांची पत्नी व मेहुणी अशीं तिघेंही मरण पावलीं. त्यावर दोन तऱ्हांचें लेखन झालें. ‘केनेडी घराण्याचा शाप’ हें पालुपद घोळविणारें वृत्तपत्री लेखन एक. आणि राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २००० सालचा चौकशी-अहवाल दुसरें. यांत सरस कोणतें?

१९६३ सालीं पित्याचा व १९६८ सालीं चुलत्याचा खून झाला, हें खरें. परंतु मारेकऱ्याची गोळी आणि समुद्रावरील काळोख एकाच सूत्रांत ओवणें म्हणजे कार्यकारणभावास रजा देणें होय. शापकथेंतील मनुष्य कांहींच करीत नाहीं. त्याचें फक्त होतें.

अहवालांतला मनुष्य मात्र निर्णय घेतो. सूर्यास्तानंतर, साडेआठच्या सुमारास, तो न्यू जर्सीहून निघाला. त्याचा अनुभव सुमारें ३१० तासांचा. केवळ उपकरणांच्या आधारें विमान हांकण्याची पात्रता त्यास मिळालेली नव्हती. एका शिक्षकानें सोबत येण्याची तयारी दाखविली, ती त्यानें नाकारली. या एका ओळींत जेवढा मनुष्यस्वभाव आहे, तेवढा शापकथेच्या साऱ्या रकान्यांत आम्हांस आढळला नाहीं. वाटेंत हवा धुरकट होती, रात्र अंधारी होती. अखेरीस विमान उजवीकडे कलून मिनिटास ४,७०० फुटांहून अधिक वेगानें खालीं आलें. यंत्रांत बिघाड सांपडला नाहीं. मंडळाचा निष्कर्ष: वैमानिकास दिशाभ्रम झाला.

हा भ्रम होतो कसा? कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. वळण लांबलें कीं त्यांतील द्रव नलिकांबरोबरच फिरूं लागतो व वळण जाणवेनासें होतें. मग विमान सरळ केलें तर तें उलट बाजूस वळत आहे असें वाटतें, आणि वैमानिक तें पुन्हा पहिल्या वळणांत घालतो. उंची घटते म्हणून त्यानें नाक वर ओढलें, तर फेरा अधिकच आवळतो. दिवसा डोळे कानाची चूक सुधारतात. तिन्हीसांजेनंतर, पाणी व आभाळ एक झालें कीं, खोटा साक्षीदार एकटाच बोलत राहतो. इलिनॉय विद्यापीठाच्या १९५४ सालच्या प्रयोगांत २० जणांना बाहेरचें कांहीं दिसूं न देतां, शिक्षकाच्या सोबतींत, विमान चालवावयास दिलें. सर्वांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

अहवालाची भाषा रुक्ष आहे, त्यांत शोकास जागा नाहीं, हा दोष आम्ही मान्य करतों. तथापि शापाची कथा वाचून पुढचा वैमानिक निर्धास्त होतो. कारण शाप दुसऱ्याच्या घराण्याला असतो. कान मात्र त्यालाही तेच आहेत. अकालीं मृत्यूचें कारण पत्रिकेंत शोधण्याची संवय असलेल्या आपल्या घरांतूनही हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मृतांविषयीं हळहळ वाटावी, पण ज्या लेखनानें पुढचा एक जीव वांचूं शकेल, त्यासच आम्ही अधिक सहृदय म्हणूं.